40 हजार कोटी तारे आणि टाइमटेबल एकही नाही: ‘एलिट डेंजरस’मध्ये आपलं काम कसं शोधावं

रात्री साडेदहाला भाच्याचा फोन आला. “मामा, तुम्ही सांगितलेला गेम घेतला. शिकवणीचे धडे झाले, जहाज मिळालं, हजार क्रेडिट मिळाले. आता काय करू?”

“तुला काय करायचंय?”

“तेच तर तुम्हाला विचारायलोय ना.”

आम्ही दोघंही लातूर पॅटर्नमधून निघालेलो. कॉटच्या डोक्याशी टाइमटेबल चिकटवलेलं, पहाटे कुठला विषय, रात्री कुठली उजळणी, रविवारी कुठली टेस्ट, सगळं दुसऱ्याने ठरवून दिलेलं. त्याचा फायदा झाला, नाही म्हणत नाही. पण ‘आता काय करू’ हा प्रश्न स्वतःला विचारायची सवय काही लागली नाही. अशा माणसाला हा गेम पहिल्याच आठवड्यात उघडा पाडतो. भाच्याला तुकड्यातुकड्याने जे सांगितलं तेच इथे सलग लिहितोय.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी आधी थोडं. 1984 मध्ये डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल या दोन तरुणांनी बीबीसी मायक्रो नावाच्या छोट्या संगणकासाठी ‘एलिट’ हा गेम लिहिला. जहाज घ्या, माल विका, लढा, पुढचं तुमचं तुम्ही बघा, असा तो प्रकार. ‘एलिट डेंजरस’ हा त्याच घराण्यातला, ब्रेबनच्याच फ्रंटियर कंपनीचा. तो डिसेंबर 2014 मध्ये आला. यात आपली अख्खी आकाशगंगा खऱ्या मापाने उभी केली आहे. सुमारे 40 हजार कोटी तारे. खऱ्या तारासूचीतले दीड लाखावर तारे जागच्या जागी ठेवलेत आणि बाकीचे गणिताने भरलेत. माणसांची वस्ती त्यातल्या साधारण 20 हजार ताऱ्यांभोवती. इतकी वर्षं हजारो लोक फिरतायत, तरी एक टक्का आकाशगंगासुद्धा कुणी पाहिलेली नाही. गोष्ट नाही, शेवट नाही, ‘तुम्ही जिंकलात’ अशी पाटी नाही.

घेण्याआधी

पीसीवरच घ्या. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सच्या आवृत्त्यांमध्ये 2022 पासून नवीन काही येत नाही. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात सेल लागला की किंमत चांगलीच उतरते, तोवर थांबलात तरी काही बिघडत नाही. ‘ओडिसी’ हा पायी चालण्याचा जोडभाग नंतर घेतला तरी चालतो. डाउनलोड मोठं आहे, मोबाईलच्या नेटवर करू नका. ज्या मित्राकडे फायबर आहे त्याच्या घरी लॅपटॉप घेऊन जा आणि जाताना चिवडा न्या.

नेट मात्र कायम लागतं, एकट्याने खेळलात तरी. मग आपल्याकडच्या लाईटचं काय? स्टेशनात उभे असताना लाईट गेली तर काहीच होत नाही. तारे-ग्रहांच्या मधे असताना गेली तर परत आल्यावर तिथूनच पुढे. फक्त घेतलेल्या कामांची मुदत घड्याळाप्रमाणे सरत राहते, त्यामुळे भारनियमनाच्या दिवसांत चार तासांच्या मुदतीची कामं उचलू नका. राउटरला इन्व्हर्टरची लाईन द्या.

सुरुवातीला तीन पर्याय दिसतील: ओपन, प्रायव्हेट ग्रुप, सोलो. ओपनमध्ये बाकीची माणसं भेटतात आणि त्यांतली काही विनाकारण गोळ्या घालतात. आधी सोलो घ्या. तिन्हीकडे आकाशगंगा एकच आहे, तुमचं जहाज आणि पैसाही एकच, केव्हाही बदलता येतं.

पहिली पायरी: उतरायला शिका

उडायला सगळ्यांनाच येतं, खरी परीक्षा उतरण्याची. पहिले चार-पाच दिवस दुसरं काही न करता एका स्टेशनातून निघा आणि दुसऱ्यात उतरा.

स्टेशनच्या साडेसात किलोमीटरच्या आत आलात की डावीकडच्या पॅनलमधून उतरायची परवानगी मागा. न मागता आत शिरलात तर आधी दंड आणि मग तोफा. फिरत्या स्टेशनला पत्रपेटीसारखी आडवी फट असते. तिच्या दोन बाजूंना दिवे असतात, आत जाताना हिरवे उजव्या हाताला आले पाहिजेत. वेग सेकंदाला शंभर मीटरच्या खाली ठेवा, चाकं ‘एल’ दाबून काढा आणि तुमच्या नंबरच्या पॅडवर हळूच टेका. घाई वाटली की ‘एक्स’ दाबा, वेग शून्यावर येतो. उतरायला दहा मिनिटं असतात, ती भरपूर आहेत. आपोआप उतरवणारा कॉम्प्युटरही मिळतो. तो जरूर लावा, पण आधी वीसेकदा हाताने उतरा.

ग्रहांमधल्या प्रवासाला सुपरक्रूझ म्हणतात. त्यात एकच सूत्र लक्षात ठेवायचं: पोचायला सात सेकंद उरलेत असं दिसलं की वेगाचा काटा निळ्या पट्ट्यात आणा आणि मग हात लावू नका. उशीर केलात तर स्टेशन मागे पडतं. एसटीत डुलकी लागली, आपला फाटा गेला आणि पुढच्या गावाहून ऊन खात चालत यावं लागलं, अगदी तसं. मी पहिल्या दिवशी एका स्टेशनला पाच प्रदक्षिणा घातल्या.

दुसरी पायरी: तेल

नवीन माणसाचा घात चाच्यांपेक्षा तेल जास्त करतं. एका ताऱ्यावरून दुसऱ्यावर उडी मारताना इंधन लागतं आणि सुरुवातीच्या साइडवाइंडर जहाजात ते वाटेत भरायची सोय नसते. पहिले पैसे आले की पहिली खरेदी फ्यूएल स्कूपची. हे यंत्र ताऱ्याच्या जवळून जाताना त्याचा वायू ओढून टाकी भरतं.

पण सगळे तारे तेल देत नाहीत. के, जी, बी, एफ, ओ, ए, एम या सात वर्गांचेच देतात. इंग्रजीत यासाठी एक घोषवाक्य फिरतं, ते मला काही पाठ होईना. मग मी आमच्या फळीवरचं सामान लावलं: केळं, जिरं, बेसन, फोडणी, ओवा, अंबाडी, मिरची. भाच्याला एका दमात पाठ झालं. आपला सूर्य जिऱ्यातला, आणि आकाशगंगेत सगळ्यात जास्त भरणा मिरचीचा, म्हणजे लाल बारीक ताऱ्यांचा. तपकिरी बटुके, श्वेत बटुके आणि न्यूट्रॉन तारे यांच्याकडे टाकी घेऊन जाऊ नका. गॅलक्सी मॅपमध्ये हेच सात वर्ग निवडून मार्ग काढता येतो. मार्गाची रेघ सलग दिसते तिथवर तेल पुरतं आणि तुटक झाली की पुरत नाही. ही रेघ न बघता निघणारा माणूस एक दिवस अडकतोच.

अडकलात तर? 2015 पासून ‘फ्यूएल रॅट्स’ नावाची खेळाडूंचीच एक टोळी आहे. कुणीही, कुठेही, तेलावाचून अडकला की हे लोक टाकी घेऊन येतात, फुकट. ऑक्सिजनचं उलटं घड्याळ सुरू झालं असेल तर आधी गेममधून बाहेर पडून मुख्य मेनूवर जा आणि मग त्यांना हाक मारा. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्या उन्हाळ्यात टँकरच्या रांगेत घागरी मांडून बसलेल्या माणसाला लांबून कुणीतरी टाकी घेऊन येतंय याचं मोल समजावून सांगावं लागत नाही. माझी टाकी भरून देणारा खेळाडू कुठल्या देशातला होता कोण जाणे. मी थँक यू लिहिलं, पुढच्या वेळी रेघ बघ म्हणाला आणि गेला.

तिसरी पायरी: चार धंदे, थोडे थोडे

आता नवे लोक जी चूक करतात ती. यूट्यूबवर ‘तासाला सगळ्यात जास्त कमाई’ शोधायची आणि तेच घाण्याच्या बैलासारखं करत राहायचं. त्याऐवजी प्रत्येक धंदा तीन-तीन संध्याकाळ करून बघा. कमी पैशात, साध्या जहाजात.

त्याआधी एक नियम. जहाज फुटलं तर त्याच्या आणि त्यातल्या सामानाच्या किमतीच्या पाच टक्के भरून ते परत मिळतं. हे पैसे म्हणजे पेरणीसाठी राखलेलं बियाणं. घरात कितीही अडचण आली तरी त्या पोत्याला हात लावायचा नाही.

व्यापार. माझे मेहुणे आडतीत, त्यामुळे भाच्याला हे शिकवावं लागलं नाही. शेतीप्रधान ग्रहावर धान्य स्वस्त आणि यंत्रं महाग, औद्योगिक ठिकाणी नेमकं उलटं. खाणींतून कच्ची खनिजं निघतात, ती शुद्धीकरणवाल्यांना हवी असतात, त्यांचे धातू पुढे कारखान्यांना. बाजाराच्या पडद्यावर पुरवठा आणि मागणी दोन्ही लिहिलेलं असतं. जाताना एक माल, येताना दुसरा, रिकामी गाडी आणायची नाही. साइडवाइंडरमध्ये चार टन बसतो, म्हणजे पिशवीतली भाजीच. दहा लाख क्रेडिटच्या (म्हणजे गेममधल्या पैशाच्या) आसपास टाइप-6 हे जहाज येतं, त्यात शंभर टनांवर माल जातो.

लढाई. मला नेमबाजीत गोडी नाही म्हणून थोडक्यात. वलयांमधल्या खाणक्षेत्रांत पोलिसांच्या आसपास राहा. समोरच्याला आधी स्कॅन करा, तो ‘वाँटेड’ आहे असं दिसल्याशिवाय एकही गोळी झाडू नका. इनामाच्या पावत्या स्टेशनात जाऊन वटवेपर्यंत त्यांची किंमत शून्य, मधेच मेलात तर गेल्या.

खाणकाम लोकांना कंटाळवाणं वाटतं. मला ते रात्री गाणी ऐकत करायला आवडतं. लेझरने दगडाची सालपटं काढायची, छोटे यांत्रिक मदतनीस सोडायचे, ते तुकडे गोळा करून आणतात. याहून मजेदार प्रकार म्हणजे गाभ्याचा दगड शोधणं. लहरी सोडून बघितलं की काही दगड वेगळे चमकतात. त्यांच्या भेगांत सुरुंग लावायचे, ताकद बेताची ठेवायची, लांब जायचं आणि बघायचं. आमच्याकडे विहिरीला सुरुंग लावताना सगळं शिवार जसं श्वास धरून बसतं तसं होतं.

शोध. नव्या ताऱ्यापाशी पोचल्यावर एक बटण दाबून धरलं की भोंगा वाजावा तसा आवाज होतो आणि तिथे किती ग्रह आहेत ते कळतं. मग स्कॅनरने एकेक ग्रह ओळखायचा, हवा असेल तर त्यावर प्रोब सोडून नकाशा करायचा. वस्तीपासून पुरेसे लांब गेलात तर तिथे तुमच्या आधी कुणी आलेलंच नसतं, आणि परत येऊन माहिती विकली की त्या ग्रहावर पहिला शोधक म्हणून तुमचं नाव कायमचं लागतं. ओडिसी असेल तर उतरून शेवाळं, बुरशी असल्या जिवांचे नमुने घेता येतात. एका जातीचे तीन नमुने, एकमेकांपासून ठरावीक अंतरावरचे. पैसाही उत्तम मिळतो.

याशिवाय प्रवासी नेणं, संकटात सापडलेल्या स्टेशनांतून माणसं काढणं, एखाद्या छोट्या गटाची बाजू घेऊन त्याचं वजन वाढवणं असलं बरंच काही आहे. 2025 पासून तर सामान वाहून नेऊन रिकाम्या ताऱ्याभोवती आपली वस्तीही उभारता येते. ते सगळं एकदम बघायला जाऊ नका.

चौथी पायरी: वही

हसू नका. साधी दोनशे पानी वही घ्या आणि रोज खेळून झाल्यावर दोन ओळी लिहा. कमाई लिहू नका, ती गेम सांगतोच. हे लिहा: आज कुणी न सांगता, पैसे न मिळता मी काय केलं? आणि कुठे वेळ कसा गेला ते कळलं नाही?

भाच्याने बारा दिवस लिहिलं. व्यापारात त्याने सगळ्यात जास्त कमावलं, रक्तातच आहे. पण वहीत व्यापाराच्या दिवशी काय होतं? ‘माल घेऊन जाताना वाटेत एका चंद्रावर उतरलो, ग्रह उगवायची वाट बघत वीस मिनिटं बसलो, मुदत हुकली.’ लढाईच्या दिवशी: ‘पळून जाताना एक लाल तारा दिसला, मोठा होता.’ खाणकामाच्या दिवशी ‘वलयं खालून बघितली.’ बारापैकी नऊ दिवस हा पोरगा धंदा सोडून बघत बसलेला.

मी त्याला म्हणलं, “आता तुझं तूच वाच.”

तो म्हणला, “मामा, मी तर नुसता टाइमपास करायलोय.”

तुमच्या वहीत कदाचित वेगळं निघेल. एका मित्राच्या वहीत प्रत्येक दिवशी भाव होते, कुठल्या स्टेशनात काय किमतीला, तेही तो न विकणाऱ्या मालाचे. त्याचं काम तिथेच ठरलं. आणखी एकाने सहा दिवस फक्त जहाजाचे भाग बदलून वजन किती घटतं ते लिहिलं होतं. त्याला उडण्यापेक्षा जुळणीत रस आहे. या गेममध्ये त्यालाही जागा आहे, कारण इंजिनीअर लोकांकडून जहाज तासून घेण्याचं वेडच निराळं.

पाचवी पायरी: एक वाक्य

वहीतून कल दिसला की एक वाक्य लिहायचं: मी अमुक ठिकाणांहून अमुक ठिकाणी, अमुक करायला जाणार, आणि अमुक झालं की हे काम संपलं. शेवटचा तुकडा महत्त्वाचा. ‘खूप श्रीमंत व्हायचं’ याला शेवट नाही. ‘आकाशगंगा बघायची’ यालाही नाही. पहिलं काम पंधरा-वीस दिवसांत संपेल एवढंच ठेवा.

आणि विषय गेमच्या मेनूत शोधू नका, घरात शोधा.

भाच्याचं वाक्य कसं सापडलं ते सांगतो. आमचे वडील, म्हणजे त्याचे आजोबा, औशाकडे शेती बघतात. त्यांच्या तोंडी महिने फार कमी, नक्षत्रं जास्त. मृगात पेर झाली का, आर्द्रा कोरडी गेली, पुनर्वसूचा तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघा, उत्तरा, हस्त. पंचांगात नक्षत्राचं वाहन बघितल्याशिवाय त्यांचा पावसाळा सुरू होत नाही. भाचा एकदा बोलता बोलता म्हणला, “आजोबा जी नावं घेतात ते खरे तारेच आहेत ना? मग ते गेममध्ये असतील.” आहेत. फक्त इंग्रजी नावाने शोधावे लागतात. आम्ही दोघांनी बसून यादी केली, सूर्यापासून जवळचा आधी:

पुनर्वसूतला पोलक्स, सुमारे 34 प्रकाशवर्षं. स्वाती म्हणजे आर्क्टुरस, 37. रोहिणी म्हणजे अल्डेबरन, 65. मघेचा रेग्युलस, 79. चित्रा म्हणजे स्पायका, अडीचशेच्या आसपास. आणि शेवटी आर्द्रा, बीटलज्यूस, पाचशेच्या घरात.

बघा, यादी आपोआप सोप्याकडून अवघडाकडे लागली. पहिले चार तारे जवळपास वस्तीच्या भागातच, अडखळलात तरी स्टेशन हाताशी. चित्रेला जाताना स्कूपची खरी गरज पडते. आर्द्रा म्हणजे पहिला लांबचा प्रवास, वीस प्रकाशवर्षांची उडी धरली तर पंचवीस उड्या. जो आळस टाइमटेबलनेही जात नव्हता तो या यादीने गेला. वाक्य असं झालं: ‘वस्तीतून निघून आजोबांची सहा नक्षत्रं बघणार, प्रत्येकाचा फोटो काढणार, आर्द्रेचा फोटो आजोबांना दाखवला की संपलं.’ जहाजाला नाव देता येतं, त्याने ‘मांजरा’ ठेवलं.

माझं स्वतःचं वाक्य वेगळं आहे. हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा होतेय, 2023 मध्ये केंद्राने त्याला मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि काम काय, तर कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळले की अवकाशात उठणारी लहर टिपणं. माझं आजोळ त्या बाजूचं. ज्या गोष्टींची चाहूल आमच्या आजोळच्या मातीतलं यंत्र घेणार, त्या जवळून बघून यायच्या असं मी ठरवलं. पहिलं ठिकाण कृत्तिकांमधला माया तारा, साधारण चारशे प्रकाशवर्षं. गेममध्ये तिथे कृष्णविवर ठेवलंय (खऱ्या आकाशात नाही, हे लेखकांचं स्वातंत्र्य). दिसत काहीच नाही, नुसतं मागचं आकाश भिंगातून बघावं तसं वाकलेलं. मी अर्धा तास त्याच्याभोवती फिरलो आणि जेवण गार झालं. शेवटचं ठिकाण आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सॅजिटेरियस ए, सुमारे 25,900 प्रकाशवर्षं. तीस प्रकाशवर्षांच्या उडीने साडेआठशेच्या वर उड्या होतात. दिंडीसारखं करायचं, रोज वीस उड्या आणि मुक्काम. दीड महिना लागतो.

आणखी काही वाक्यं सुचवतो, पण उचलू नका, घरचंच शोधा. सूर्यमालेत जाऊन व्हॉयेजर यान बघणं. त्यासाठी फेडरेशन या गेममधल्या सत्तेच्या नौदलात हुद्दा मिळवून परवाना घ्यावा लागतो, म्हणजे काम दोन टप्प्यांचं झालं. एकाच छोट्या तारामंडळाला आपलं गाव मानून तिथल्या गटाचं राज्य आणणं. किंवा वर सांगितलेल्या तेलवाल्यांत सामील होऊन दहा माणसांना वाचवणं.

कुणी म्हणालं की अल्फा सेंटॉरीतल्या हटन ऑर्बिटलला जा, तिथे फुकट जहाज मिळतं, तर ते तुमची गंमत करतायत. ते स्टेशन मुख्य ताऱ्यापासून 0.22 प्रकाशवर्षं आहे, साध्या यंत्रणेने सरळ रेषेत जायला तास-दीड तास जातो आणि तिथे चहाचा मग विकत मिळतो. मी गेलो होतो. मग आणला.

सहावी पायरी: कामाप्रमाणे जहाज

जहाज शेवटी. उलटं केलं की काय होतं ते माझ्याकडून ऐका. सगळे सांगत होते अ‍ॅनाकोंडा घे, सगळं करता येतं. किंमत जवळजवळ 14 कोटी 70 लाख. तीन महिने एकाच रस्त्यावर माल वाहिला, डोळे मिटून उतरता येईल इतक्या वेळा. घेतलं. मोकळ्या जहाजाचाच पाच टक्के भरणा 73 लाखांच्या वर जातो आणि माझ्या खात्यात चार लाख. तिसऱ्या दिवशी एका जड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर जोरात आपटलो. बियाणंच खाल्लं होतं, पुढचं काय सांगायचं.

भाच्याच्या यादीला डायमंडबॅक एक्सप्लोरर पुरलं, सुमारे 19 लाख. लांब जायचं असेल तर उडीचं यंत्र ‘ए’ दर्जाचं, स्कूप बसेल तेवढं मोठं, बाकीचे भाग ‘डी’ दर्जाचे, कारण तेच सगळ्यात हलके. तोफा काढून टाका. छोटी ढाल ठेवा, उतरताना आपटण्यापुरती. माल वाहायचा असेल तर हा हिशेब पूर्ण बदलतो. खऱ्या पैशांत तयार जहाजंही विकतात, ती पहिल्या महिन्यात घेऊ नका. तुमचं काम काय हेच ठरलं नसताना दुकानदाराला कसं कळणार?

निघायच्या आधी मॅपवर प्रत्येक ठिकाणाला परवाना लागतो का ते बघून घ्या. सूर्य आणि व्याध दोन्हींना लागतो.

कंटाळा आला तर

येतो. माझा दर वेळी काम अर्धं झाल्यावर येतो. टाकी भरा, जहाज ताऱ्यापासून थोडं लांब न्या आणि गेम बंद करा. आठवडाभर उघडू नका. परत आल्यावर पुढची उडी मारावीशी वाटली तर ठीक. नाही वाटली तर वहीतलं वाक्य खोडा आणि तारीख टाका. मी ‘शंभर वलयवाले ग्रह’ हे काम एकतीसवर सोडलं, वहीत तसंच आहे.

पण दुसऱ्याच्या कमाईचे आकडे बघून काम सोडू नका. वीस दिवसांत फ्लीट कॅरिअर घेतलं असं सांगणारे भेटतील. ते तळासारखं जहाज, एका उडीत पाचशे प्रकाशवर्षं जातं, किंमत पाचशे कोटी. त्यांना विचारा, आता त्याचं काय करता? बरेच जण त्याच प्रश्नावर थांबलेले असतात.

परत येताना

भाचा आर्द्रेला पोचला तो रविवार होता. पडदाभर लाल. हा तारा आपल्या सूर्याच्या जागी ठेवला तर मंगळाची कक्षासुद्धा पोटात घेईल इतका मोठा. त्याने लगेच फोटो काढून मोबाईलवर घेतला आणि आजोबांना फोन लावला.

“आजोबा, आर्द्रा बघून आलो.”

पलीकडून शांतपणे विचारणा झाली, “पाऊस हाय का रं तिकडं?”

मला मात्र काळजी वेगळीच होती, त्याला अजून परत यायचं होतं. लांबच्या प्रवासातली सगळी माहिती तुम्ही स्टेशनात विकेपर्यंत फक्त जहाजात असते. जहाज फुटलं तर जहाज परत मिळतं, माहिती मिळत नाही आणि ग्रहांवर लागायची नावंही जातात. लोक आकाशगंगेच्या टोकाला जाऊन सुखरूप येतात आणि शेवटच्या फटीत आपटतात. मी तीन आठवड्यांची माहिती अशीच घालवली, घर दिसलं म्हणून वेग वाढवला होता.

म्हणून शेवटच्या उडीआधी दहा मिनिटं उठून या. सोलोमध्ये जा, म्हणजे वाटेत टपून बसलेला दुसरा खेळाडू भेटणार नाही. गेममधलंच एखादं जहाज ओढून थांबवायला लागलं तर झगडू नका, वेग शून्यावर आणून शरण जा, ठरावीक अंतर ठेवा आणि पुन्हा निघा. गर्दीचं मोठं स्टेशन टाळून कोपऱ्यातलं निवडा, उतरवणारा कॉम्प्युटर चालू करा आणि हात मांडीवर ठेवा. पॅडवर टेकलात की आधी युनिव्हर्सल कार्टोग्राफिक्समध्ये जाऊन माहिती विका, पानापानाने, सगळी. चहा त्यानंतर.